वस्तऱ्यावरचे नाव

जुन्या घराची आवराआवर चाललेली असते. माळ्यावरच्या लाकडी पेटीत बिनकिल्लीची कुलुपे, तुटका अडकित्ता, पितळी डबी अशा वस्तूंबरोबर एक घडीचा वस्तरा निघतो. पाते तांबूस-काळे झालेले, मुठीची एक पट्टी तडकलेली. घरातले कोणी सांगते, "हा खापरपणजोबांचा, सत्तावनच्या बंडाच्या वेळचा." मुलाला पुढचे दोन प्रश्न लगेच सुचतात : हा खरोखर किती जुना, आणि याला घासून चकचकीत करावे का?

या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. वस्तरा किती जुना हे सांगणारा बहुतेक पुरावा पात्याच्या पृष्ठभागावर असतो, आणि चकचकीत करण्याचा उत्साह नेमका तोच पुरावा पुसून टाकतो. म्हणून आम्ही शिक्षकांना सुचवू इच्छितो की अशी वस्तू हाती आली तर तिच्याकडे आधी कागदपत्राप्रमाणे पाहावे. कागद धुण्यापूर्वी आपण तो वाचतो. तसाच वस्तराही वाचता येतो.

अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून या जिल्ह्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर आहे) अशा वस्तू सापडण्याला काही ऐतिहासिक कारणेही आहेत. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. पेशवाईच्या अखेरीनंतर भिंगारजवळ इंग्रजांची कायमची छावणी झाली. बोअर युद्धातील काही कैद्यांना १९०१ च्या सुमारास नगरला आणून ठेवले होते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातील जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांची मोठी स्थानबद्धता-छावणी नगरलाच होती, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीलाही जर्मन नागरिकांना येथे आणले गेले. सैनिक, कैदी आणि अधिकारी यांच्या सामानात दाढीचे साहित्य असणारच. इंग्लंडमधील शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगेन ही वस्तऱ्यांसाठी जगप्रसिद्ध गावे. तेथला माल नगरच्या जुन्या बाजारात येण्याच्या या शक्य वाटा होत. पण 'शक्य' आणि 'सिद्ध' यांत फरक आहे. एखादा ठराविक वस्तरा बोअर कैद्याचा होता असे म्हणायचे तर त्याला स्वतंत्र पुरावा लागेल. हा फरक विद्यार्थ्यांच्या मनावर ठसला, तरी इतिहासाचा एक तास सार्थकी लागला असे समजावे.

मुठीजवळची अक्षरे

वस्तऱ्याचे भाग प्रथम ओळखून घेऊ. मुठीच्या दोन पट्ट्यांमध्ये जे मिटते ते पाते. त्याची एक कड म्हणजे धार आणि समोरची जाड कड म्हणजे पाठ. पात्याच्या मागे, मुठीला जोडणारा जो निमुळता भाग असतो त्याला आपण दांडी म्हणू. बनवणाऱ्याचे नाव, गाव, चिन्ह हे सारे बहुधा या दांडीवर ठोकलेले असते. तिरप्या उजेडात भिंग धरून पाहिले तर गंजाखालची अक्षरेही पुष्कळदा दिसतात. दिसेल ते जसेच्या तसे उतरवून घ्यावे. अर्धे अक्षर दिसले तर अर्धेच लिहावे.

आता या अक्षरांवरून काळ कसा काढायचा? येथे कायदे आपल्या मदतीला येतात. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील कारखानदार शेफील्डच्या नावाची नक्कल करतात अशी इंग्रज कारागिरांची ओरड होती. म्हणून १८८७ साली ब्रिटिश संसदेने व्यापारचिन्हांसंबंधी कायदा केला आणि परदेशी मालावर, दिशाभूल होणार नाही अशा रीतीने, मूळ देशाचे नाव घालणे भाग पडले. हिंदुस्थानातही १८८९ साली त्याच धर्तीचा कायदा झाला. तेव्हा दांडीवर 'मेड इन जर्मनी' असे इंग्रजी शब्द असतील तर तो वस्तरा बहुधा १८८७ नंतरचा. घरात सांगितलेली सत्तावनची गोष्ट मग त्या वस्तऱ्यापुरती तरी टिकत नाही. 'वेस्ट जर्मनी' असे असेल तर तो १९४९ ते १९९० या काळातला, कारण त्याआधी किंवा त्यानंतर या नावाचे राष्ट्रच नव्हते. नुसत्या 'झोलिंगेन' या शब्दावरून मात्र काळ ठरत नाही. त्या नावाचा वापर फक्त तेथल्या मालापुरता राखून ठेवणारा जर्मन कायदा १९३८ चा आहे, पण नाव त्याच्या कितीतरी आधीपासून ठोकले जात होते.

शेफील्डच्या जुन्या वस्तऱ्यांवर कधी मुकुट आणि दोन रोमन अक्षरे दिसतात. 'डब्ल्यू आर' म्हणजे राजा चौथा विल्यम, कारकीर्द १८३० ते १८३७. 'व्ही आर' म्हणजे राणी व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. जोसेफ रॉजर्स या प्रसिद्ध कंपनीचे चिन्ह तारा आणि माल्टीज क्रूस हे होते. पण प्रसिद्ध चिन्हांच्या नकलाही होत असत, तेव्हा एका चिन्हावर निकाल देऊ नये.

दुसरा साक्षीदार म्हणजे मूठ. शिंगाची किंवा लाकडाची मूठ कोणत्याही काळातली असू शकते. सेल्युलॉइडचा धंदा अमेरिकेत १८७० च्या पेटंटनंतर वाढला, म्हणून सेल्युलॉइडची मूठ त्यानंतरची. बेकेलाइटचा शोध १९०७ चा, म्हणून ती मूठ त्याहून अलीकडची. अर्थात मूठ बदलता येते. मुठीचे रिबीट मूळचे आहेत की कोणी नंतर तार ठोकली आहे, हेही पाहावे लागते. पात्याचा आकार हा तिसरा साक्षीदार. जुनी पाती आडव्या छेदात पाचरीसारखी भरीव असत. दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेली पातळ पाती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वत्र पसरली. तिन्ही साक्षीदारांची जबानी जुळली तरच काळाविषयी काही ठामपणे म्हणता येते.

मुंबईहून गेलेले पोलाद

काही वस्तऱ्यांच्या पात्यांवर 'कास्ट स्टील' किंवा 'सिल्व्हर स्टील' असे शब्द आढळतात. या दोन शब्दांमागे पोलादाच्या विज्ञानाचा मोठा इतिहास आहे आणि त्याचा एक धागा आपल्या देशातून जातो.

वस्तऱ्याला लागते उच्च-कार्बन पोलाद. त्यात कार्बनचे प्रमाण साधारण एक टक्का किंवा थोडे अधिक. कार्बन सर्वत्र सारखा पसरलेला नसेल तर धार कोठे कडक, कोठे मऊ होते. युरोपात पूर्वी लोखंडाच्या पट्ट्या कोळशात दीर्घकाळ तापवून त्यांच्यात बाहेरून कार्बन मुरवीत. तो आतपर्यंत सारखा पोहोचत नसे. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन या इंग्रज घड्याळजीने असे पोलाद मुशीत पूर्ण वितळवून एकजीव केले. तेच 'कास्ट स्टील'. शेफील्डच्या वस्तऱ्यांची कीर्ती या मुशीवर उभी राहिली.

पण मुशीतले पोलाद दक्षिण भारतात कित्येक शतके बनत होते. आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्हा नांदेडच्या सीमेला लागून आहे. तेथले कोनसमुद्रम हे गाव अशा पोलादासाठी नावाजलेले होते, आणि ते विकत घेण्यासाठी इराणी व्यापारी तेथवर येत. कर्नाटकात आणि तमिळनाडूतही ते बनत असे. लोखंडाचे तुकडे आणि लाकूड-पाला मातीच्या मुशीत घालायचे, तोंड लिंपून बंद करायचे, भट्टीत तासन् तास तापवायचे आणि सावकाश थंड होऊ द्यायचे. आत तयार होणारा पोलादाचा गोळा इंग्रजांना 'वूट्झ' या नावाने माहीत झाला. कन्नडमधील 'उक्कु' म्हणजे पोलाद, या शब्दावरून ते नाव आले असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात.

१७९४ साली मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी वूट्झचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. जॉर्ज पिअरसन यांनी त्यांचे परीक्षण करून १७९५ साली निबंध वाचला. त्या निबंधाच्या शीर्षकातच हे पोलाद मुंबईत बनते असे म्हटले आहे! ज्या गावी ते भरले गेले तेच त्याचे जन्मगाव ठरले. जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या नामांकित कारागिराने या पोलादाचे पाते घडवून पाहिले आणि ते त्याला इतके आवडले की आपले वस्तरे व शस्त्रक्रियेची हत्यारे भारतीय वूट्झची आहेत, आणि ते युरोपातल्या उत्तम पोलादाहून आपल्याला अधिक पसंत आहे, अशी तो जाहिरात करू लागला.

याच स्टोडार्टला पुढे एक तरुण सहकारी मिळाला. त्याचे नाव मायकेल फॅराडे. विद्युतशास्त्रातला फॅराडे आपण शिकवतो, पण तो लोहाराचा मुलगा होता आणि त्याची सुरुवातीची काही वर्षे पोलादावर गेली हे आपण क्वचित सांगतो. १८१९ साली त्याने वूट्झचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केले. त्यात ॲल्युमिनियमचा अंश असल्यामुळे हे पोलाद चांगले, असा त्याचा निष्कर्ष होता. तो चुकीचा होता. वूट्झच्या पात्यांवरील लहरींसारख्या नक्षीचे कारण कार्बाइडच्या थरांत आणि व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांच्या अत्यल्प अंशात आहे, हे विसाव्या शतकाच्या अखेरच्या प्रयोगांतून पुढे आले. पण चुकीच्या निष्कर्षानेही काम पुढे नेले. परके मूलद्रव्य थोडेसे मिसळून पोलाद सुधारता येईल का, हा प्रश्न फॅराडे आणि स्टोडार्ट यांनी हाती घेतला आणि १८२० व १८२२ साली मिश्रपोलादांवर निबंध प्रसिद्ध केले. चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम असे धातू त्यांनी मिसळून पाहिले. चांदी पोलादात सुमारे पाचशेत एक भाग एवढीच सामावते, असे त्यांना आढळले. फॅराडेने अशा पोलादाचे वस्तरे मित्रांना भेट दिले. यानंतर शेफील्डच्या वस्तऱ्यांवर 'सिल्व्हर स्टील' हा शब्द झळकू लागला. मात्र तो शब्द आहे म्हणून पात्यात चांदी असेलच असे मुळीच नाही. पुष्कळ ठिकाणी ती केवळ जाहिरात होती.

फॅराडेच्या पोलादाचे ७९ नमुने एका लाकडी पेटीत जपले गेले आणि रॉबर्ट हॅडफील्ड या धातुशास्त्रज्ञाने त्यांचे परीक्षण करून १९३१ साली पुस्तक लिहिले. जपलेली वस्तू शंभर वर्षांनीही बोलते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला माहीत नाही.

या सगळ्या कथेत नावे कोणाची आली? स्कॉट, बँक्स, पिअरसन, स्टोडार्ट, फॅराडे. ज्यांनी मूस भरली त्यांचे एकही नाव नाही. भारतात धातूवर नाव कोरण्याची रीतच नव्हती, असेही म्हणता येत नाही. विजापूरच्या तटावरील मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ १५४९ साली आपल्या नगरमध्ये ओतली गेली, आणि ती ओतणाऱ्या मुहम्मद बिन हसन रूमीचे नाव तिच्यावर आजही वाचता येते. तोफ सुलतानाची होती, म्हणून तिच्या कारागिराला नाव मिळाले. पोलादाचे गोळे बाजारात वजनावर विकले जात.

धोकटीतला वस्तरा

आता आपल्या गावातल्या वस्तऱ्याकडे येऊ. माळ्यावर सापडलेल्या वस्तऱ्यावर काहीच अक्षरे नसतील तर निराश होऊ नये. तो कदाचित गावच्या किंवा बाजारपेठेच्या लोहाराने घडवलेला असेल. पात्याची जाडी कमीजास्त, दांडीवर हातोडीचे ठोके, मूठ लाकडाची किंवा साध्या पत्र्याची, ही त्याची लक्षणे. जुने वस्तू-बाजारवाले अशा वस्तऱ्याला फारशी किंमत देत नाहीत. इतिहासाच्या दृष्टीने मात्र शेफील्डचे वस्तरे जगभर हजारोंनी उरले आहेत आणि आपल्या लोहाराचे फार थोडे. कानस किंवा जुनी करवत यांचे पोलाद पुन्हा घडवून हत्यार करण्याची पद्धत आपल्याकडे सर्वत्र होती. तेव्हा पात्यावर कोठे कानशीच्या जुन्या रेघांचा माग उरला आहे का, हेही पाहावे.

हा वस्तरा ज्यांच्या हातात असे ते नाभिक बारा बलुतेदारांपैकी एक. वस्तरा, कात्री, नराणी, चिमटा, आरसा, वाटी, धार लावायचा दगड आणि पाजवण्याचा चामड्याचा पट्टा हे सारे धोकटीत बसे. मोबदला पैशात नसून सुगीच्या वेळी धान्यात मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गांव-गाडा' या १९१५ सालच्या ग्रंथात बलुत्याची ही रीत तपशिलाने मांडली आहे. वस्तऱ्याबरोबर एक ज्ञानही धोकटीत असे. कोणत्या दगडावर किती वेळ घासायचे, पात्याच्या आवाजावरून धार बसली हे कसे ओळखायचे, केस आधी पाण्याने मऊ का करायचे, हे सारे हातातून हातात जाई. पाण्याने भिजलेला केस फुगतो आणि कापायला पुष्कळ कमी बळ लागते, हे आज प्रयोगशाळेत मोजता येते. नाभिकांना ते बोटांनी कळत होते.

मात्र हा वस्तरा सर्वांसाठी सारखा चालत नव्हता, हे वर्गात लपवू नये. अनेक गावांत अस्पृश्य मानल्या गेलेल्यांची हजामत गावचा न्हावी करीत नसे. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली आणि अशी सेवा नाकारणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरले. हाच वस्तरा उच्चवर्णीय विधवांच्या सक्तीच्या केशवपनासाठीही वापरला गेला. पण त्याविरुद्ध तो खाली ठेवणारेही नाभिकच होते. १८९० साली मुंबईत सत्यशोधक चळवळीतील कामगार-पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक एकत्र आले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असे त्यांनी ठरवले. त्या सभेला जमलेल्या सामान्य नाभिकांची नावे आज आपल्याला ठाऊक नाहीत. नाव राहिलेला एक नाभिक मात्र प्रत्येक वारकऱ्याला माहीत आहे. तो म्हणजे संत सेना महाराज. त्यांनी आपल्या धंद्याची हत्यारेच भक्तीच्या रूपकात आणली आणि अभंगाच्या शेवटी आपले नाव घातले.

पात्याचे गणित

वस्तऱ्याची पाठ जाड का असते? बळकटीसाठी, हे उत्तर अपुरे आहे. दगडावर वस्तरा सपाट टेकवला की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला लागतात. त्यामुळे धारेचा कोन हाताच्या सवयीवर अवलंबून राहत नाही. तो पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांवरून ठरतो. पाठ ५ मिलिमीटर जाड आणि पाते १८ मिलिमीटर रुंद असेल, तर अर्ध्या कोनाची ज्या २.५ भागिले १८, म्हणजे ०.१३९. अर्धा कोन ८ अंश, पूर्ण कोन १६ अंश. भाजी चिरायच्या सुरीचा कोन साधारण याच्या दुप्पट असतो.

आता खुबी पाहा. दगडावर घासताना पाठही झिजते आणि रुंदीही कमी होते. पाठ ४.५ आणि रुंदी १६.२ मिलिमीटर झाली तरी गुणोत्तर तेच, कोन तोच. म्हणजे कोन जपण्याची सोय हत्याराच्या आकारातच करून ठेवलेली आहे. दहावीच्या त्रिकोणमितीला याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही. पाठीवरचा झिजून सपाट झालेला पट्टा मोजला तर तो वस्तरा किती वापरला गेला याचाही अंदाज येतो. आणि म्हणूनच पाठ पॉलिशच्या चाकावर धरून 'सुंदर' करणे घातक : पुरावाही जातो आणि कोनही बिघडतो.

केस पोलादाहून सुमारे पन्नास पट मऊ असतो, तरी धार बोथट होते. का? अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली केस कापत २०२० साली याचे उत्तर प्रसिद्ध केले. धार केवळ झिजत नाही, तर तिचे सूक्ष्म टवके उडतात. पोलादाची सूक्ष्मरचना सगळीकडे सारखी नसेल, केस पात्याला तिरपा भिडत असेल आणि धारेवर आधीच सूक्ष्म खाच असेल, तर त्या जागी टवका उडण्याची शक्यता वाढते. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी हंट्समनचा आणि मुशीजवळच्या आपल्या कारागिरांचा झगडा एकजीव पोलादासाठीच होता.

घडीच्या वस्तऱ्याची सद्दी पुढे संपली. किंग कॅम्प जिलेट याने बदलत्या पात्याचे रेझर १९०३ साली विकायला काढले तेव्हा पहिल्या वर्षी फक्त ५१ खपले. पुढच्या वर्षी ९० हजारांवर गेले. १९१८ साली अमेरिकन सैन्यासाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले गेले आणि दाढी घरी, स्वतःची स्वतः करण्याची सवय जगभर रुजली. आपल्या सलूनमध्ये मात्र पाजवायचा वस्तरा आणखी बरीच वर्षे टिकला. १९८६ साली भारतात एचआयव्हीची पहिली नोंद झाली. त्यानंतरच्या प्रचारामुळे एका गिऱ्हाइकाला एक नवे अर्धे पाते, ही पद्धत रुळली. ती योग्यच आहे. कावीळ-ब चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणून जुना वस्तरा कितीही नीट केला तरी तो कोणाच्याही त्वचेला लावू नये.

गंज काढताना

मग नीटनेटके करायचे ते किती? आमचे उत्तर : नुकसान थांबेल इतकेच.

लाल, भुसभुशीत गंज हा जलयुक्त लोह ऑक्साइड. तो ओलावा धरून ठेवतो आणि खालचे पोलाद खात राहतो. तो काढायला हवा. काळसर, घट्ट चिकटलेला थर मात्र बहुधा स्थिर असतो आणि अक्षरे पुष्कळदा त्याच थरात टिकून असतात. तो राहू द्यावा. शिवणयंत्राचे तेल लावून एक-दोन दिवस ठेवावे, मग सुती कापडाने आणि बांबूच्या काडीने लाल गंज हलकेच निघेल तेवढा काढावा. पुसताना हात नेहमी पाठीकडून धारेकडे, आणि धारेच्या पलीकडे बोट न्यायचे नाही. काम मोठ्यांनीच करावे. मुलांनी नोंदी आणि चित्रे करावीत.

चिंच, लिंबू, व्हिनेगर वापरू नये. पितळेला ते चालते, पण येथे आम्ल गंजाबरोबर पोलादही खाते आणि पुसट अक्षरे पहिल्यांदा जातात. विटेची भुकटी, राख, पॉलिश पेपर हेही टाळावे. फिरत्या चाकावर धरणे सर्वांत वाईट. वस्तऱ्याचे पोलाद पाण्यात किंवा तेलात विझवून कडक केल्यावर सुमारे २०० ते २३० अंश सेल्सिअसला पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी केलेला असतो. तेव्हा त्यावर फिकट गवती रंग येतो. चाकावरच्या घर्षणाने पातळ धार क्षणात याहून तापते. निळा रंग दिसला म्हणजे तापमान तीनशेच्या आसपास गेले आणि धारेचा कडकपणा उतरला. तो पुसून परत येत नाही.

मूठ सेल्युलॉइडची असेल तर आणखी एक सावधगिरी हवी. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. जुने झाले की ते विघटित होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे सोडते. हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचे आम्ल बनते आणि बंद मुठीत पाते आतूनच गंजते. पात्याच्या एकाच पट्ट्यात, मुठीला टेकतो तेथेच, गंज दाट असेल तर संशय घ्यावा. असा वस्तरा मिटून डबीत ठेवू नये. उघडा, हवेशीर, इतर वस्तूंपासून दूर ठेवावा. मूठ कशाची हे पाहण्यासाठी तापलेली सुई टोचण्याचा जुना उपाय तर कधीच करू नये, कारण सेल्युलॉइड भडकन पेटते. मूठ हस्तिदंती असेल तर तिची खरेदी-विक्री भारतात बेकायदा आहे, हेही ध्यानात ठेवावे.

वर्गासाठी

वस्तरा शाळेत आणू नये. छायाचित्रे आणि मोजमापे आणावीत. एका वस्तूसाठी एक पान करावे. वर मोजमापे : लांबी, रुंदी, पाठीची जाडी, वजन. खाली दांडीवरील अक्षरे, जशी दिसतात तशी. मग दोन रकाने : घरात काय सांगितले जाते, आणि वस्तूवरून काय दिसते. दोहोंत विरोध असेल तर एकही रकाना खोडू नये. घरातली गोष्ट वस्तऱ्याच्या वयाबाबत चुकली असेल, पण पणजोबांबाबत खरी असू शकते.

शेवटी आणखी एक काम. गावातील ज्या वयोवृद्ध नाभिक गृहस्थांनी पाजवायचा वस्तरा वापरला आहे, त्यांच्याकडे मुलांना घेऊन जावे. धार लावायचा दगड कोठून आणत, लोहार कोण होता, बलुते कधी बंद झाले, पट्ट्यावर पाते पाठीकडून का ओढायचे, हे त्यांना विचारावे. त्यांची परवानगी असेल तर पानाच्या तळाशी त्यांचे नाव लिहावे, आणि त्यांना आठवत असेल तर त्या लोहाराचेही. पात्यावर ते कोणी ठोकले नव्हते.